पोवळ्याचे विष कोणाला ‘बधिर’ करते?

चोपड्याच्या एका वाचकाचा प्रश्न आहे की, पोवळ्या सापाच्या, म्हणजे कोरल स्नेकच्या विषाला ‘मज्जातंतू बधिर करणारे’ म्हणावे की ‘रक्त गोठवणारे’. दुसरा पर्याय लगेच बाजूला ठेवू. रक्ताच्या गोठण्यात बिघाड करणे हे मुख्यतः घोणस आणि फुरशाचे काम, आणि पोवळा तर नाग-मण्यारीच्या कुळातला. ‘बधिर करणारे’ मात्र खान्देशात बातम्यांपासून व्याख्यानांपर्यंत इतके ऐकू येते की कान किटले आहेत.

अमेरिका खंडातल्या पोवळ्यांच्या, म्हणजे मायक्रुरस प्रजातीच्या विषात प्रामुख्याने दोन प्रथिनकुळे सापडतात: फॉस्फोलायपेज ए२ (पेशींच्या आवरणातील स्निग्ध रेणू तोडणारे विकर) आणि त्रि-अंगुली विषे. त्रि-अंगुली विषाचा रेणू साधारण ६० ते ७५ अमिनो आम्लांचा, चार-पाच गंधकसेतूंनी आवळलेला असून केळीच्या फणीसारखी त्याच्या गाभ्यातून तीन बोटे निघालेली असतात. मज्जातंतूचा निरोप ॲसिटिलकोलीन हे रसायन नेते; विषाचा रेणू स्नायूवरील त्याच्या ग्राहीला, म्हणजे ते रसायन पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटून बसला की मज्जातंतूने धाडलेला निरोप स्नायूला पोचत नाही, आणि मग पापण्या मिटू लागतात, एकाचे दोन दिसते, घोट गिळवत नाही, बोलणे अडखळते आणि अखेर श्वासाचे स्नायूही लुळे पडतात. कधीकधी ही लक्षणे दिसायला १२ तासही लागतात, म्हणून सुरुवातीला बरे वाटते यावर विसंबता येत नाही. मेंदूला प्राणवायू मिळतो आहे तोवर रुग्ण शुद्धीवर असतो, सगळे ऐकतो, आणि चिमटा काढला तर त्याला कळते. टेक्सासच्या पोवळ्याने तर कडेलोटच केला आहे: त्याच्या विषातील एक घटक मज्जातंतूंवरचे आम्लसंवेदी आयन-मार्ग, म्हणजे विद्युतभारित कणांची दारे, उघडून तीव्र वेदना निर्माण करतो, हे २०११ मध्ये दाखवले गेले. असह्य कळा आणणाऱ्या विषाला बधिर करणारे म्हणायचे?

आता खरी गंमत. ‘बधिर’ म्हणजे मुळात ऐकू न येणारा. ‘बहिरा’ त्याचाच तद्भव, आणि ‘संवेदना गेलेला’ हा अर्थ मागाहून चिकटला. तौलनिक भाषाशास्त्री जुन्या आयरिशमधल्या ‘बोदर’शी त्याचे नाते जोडून मोकळे होतात. असेल नाते, पण त्यामुळे शब्दाच्या पोटात काय आहे ते उलगडत नाही. उणादिसूत्रांनी, म्हणजे शब्द धातूंपासून साधून दाखवणाऱ्या जुन्या संस्कृत व्याकरणसूत्रांनी, तो ‘बन्ध्’ (बांधणे) धातूपासून साधला आहे, आणि मला तीच व्युत्पत्ती प्रिय आहे, कारण ज्याचा कान बांधला गेला तो बधिर, आणि इथे विषाचा रेणू बांधतो तो स्नायूचा ग्राही, म्हणजे मज्जातंतूचे बोलणे ऐकणारा स्नायूचा कानच. मज्जातंतू ओरडतच असतो. बहिरा होतो तो स्नायू. विषातील फॉस्फोलायपेजे काही जातींत मज्जातंतूच्या टोकावरच घाला घालून निरोपच निघू देत नाहीत, अशी हरकत कोणी घेईल; पण तिथे तंतू मुका होतो, बधिर नव्हे.

प्रश्नकर्त्याने बातमीत ‘स्नायू लुळे पाडणारे विष’ लिहावे.