आधी वरण घट्ट करा, मग पुडे बंद करा

प्रश्न : सोलापुरात आम्ही सहा जण एकत्र राहतो. मिस्टरांची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.१ आली, सासऱ्यांना बीपीची गोळी चालू आहे. म्हणून मी बिस्किटं, फरसाण, नूडल्स, दूध, अंडी, मटण सगळं एका दिवसात बंद केलं. आता मुलं शेजारी जाऊन खातात, मिस्टर गाड्यावर खातात आणि सासूबाई म्हणतात, "आमच्या हातचं खाऊन कोण आजारी पडलं?" घरात कुणी माझ्याशी नीट बोलत नाही. माझं काय चुकलं?
— एक सून

ताई, तुमची काळजी रास्त आहे आणि वेळही गेलेली नाही. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या आधीचा टप्पा. इथून बरेच जण मागे फिरतात. फक्त तुम्ही ताटातलं काढलंत आणि त्या जागी काही वाढलं नाहीत. भूक उरली की हात पुड्याकडे जाणारच.

आज एक मोजमाप करा. सहा जणांत रोज किती डाळ शिजते? वाटीभर, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम असेल, तर माणशी २५ ग्रॅम डाळ आणि जेमतेम साडेपाच ग्रॅम प्रथिनं. साठ किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम लागतात. मोठ्यांना माणशी ७५-८० ग्रॅम कोरडी डाळ किंवा कडधान्य धरा, मुलांना थोडं कमी. घराला रोज चारशे ग्रॅमच्या आसपास. मोठ्या माणसाला या डाळीतून १८ ग्रॅम प्रथिनं, तीन भाकरींतून १५, मूठभर शेंगदाण्यांतून ७ आणि बाकीचं दूध-दह्यातून. ज्वारीत लायसिन (प्रथिनांचा एक घटक) कमी असतं, डाळी-कडधान्यांत भरपूर. म्हणून भाकरीबरोबर मटकी, हुलगे नाहीतर घट्ट वरण हवंच. नुसत्या रश्शावर भागत नाही.

हे प्रमाण दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा, नाहीतर पोटं फुगतील आणि खापर तुमच्यावर फुटेल. भिजवलेलं पाणी फेकून द्या, फोडणीत हिंग-ओवा घाला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मटकी रात्रभर पाण्यात राहिली की आंबते, बुळबुळीत होते. मार्च ते जून सहा तासच भिजवा, दोनदा धुवा, ओल्या सुती फडक्यात बांधून माठाजवळ ठेवा.

रोजचं मुख्य धान्य ज्वारीच ठेवा. पीठ मात्र आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणा. जुन्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते, भाकरी थापताना चिरते, मग सगळे "पोळीच कर" म्हणतात. तसं झालंच तर उकळत्या पाण्यात पीठ भिजवून, झाकून, जरा निवल्यावर मळा.

खरी लढाई संध्याकाळी चार ते सहाची आहे. मुलं शाळेतून येतात, मोठ्यांचा चहा होतो आणि खारी, टोस्ट, बिस्किटं निघतात. त्यांत मुख्यतः मैदा, साखर आणि बहुधा पामतेल; तासाभरात पुन्हा भूक लागते. दप्तर ठेवायच्या आधी डब्यात काहीतरी तयार हवं : मीठ घालून उकडलेले हरभरे, शेंगदाणे आणि गुळाचा छोटा खडा, ज्वारीच्या लाह्या, सकाळीच केलेले मेथीचे धपाटे. मिस्टरांना गूळ नको. साखरेच्या बाबतीत गूळ काही वेगळा नाही. महिन्याच्या किराण्यातून आधी बिस्किटं काढा, पुढच्या महिन्यात नूडल्स. घरात पुडा नसला की दिवसातून दहा वेळा "नाही" म्हणावं लागत नाही.

सासऱ्यांसाठी मिठावर लक्ष ठेवा. मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, पुरे. त्यात पापड, लोणचं, फरसाण सगळं आलं. पुड्यावर सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो, त्याला अडीचने गुणा. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दोन ग्रॅम मीठ! कमी सोडियमचं मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि बीपीच्या काही गोळ्यांबरोबर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ते धोक्याचं ठरतं.

शेंगाचटणी सोडायला कुणी सांगितलं तरी सोडू नका. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेलच असतं, म्हणून वरून तेल ओतायची गरज नाही. कुटताना आपोआप सुटतं. मिक्सर असेल तर थांबत थांबत फिरवा, सलग फिरवला तर लगदा होतो. माणशी एक-दोन चमचे, मीठ हात राखून.

दूध-दही आजच परत सुरू करा. वनस्पतीजन्य अन्नात बी-१२ जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच. पुढे कधी दूध-अंडी पूर्ण सोडायचं ठरलंच, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-१२ची गोळी घ्यावी लागेल. मुलांवर तर हा प्रयोग स्वतःच्या मनाने अजिबात नको. रविवारच्या मटणावरून सध्या भांडू नका. आठवड्यातलं एक जेवण पहिल्यासारखं राहिलं तर बाकीची सहा दिवसांची जेवणं बदलणं सोपं जाईल.

आणि सासूबाई. त्यांच्या हातच्या रांधण्यातच तुम्हाला हवं ते बरंच काही आहे. हुलग्याचे शेंगोळे, अंबाडीची भाजी, पेंडपाला ही सगळी वनस्पतीजन्यच जेवणं. "आई, शेंगोळे तुम्ही करता तसे मला शिकवा" एवढं म्हणा आणि आठवड्यातल्या दोन दिवसांचा बेत त्यांच्यावर सोपवा. पालेभाजीवर लिंबू पिळा आणि जेवणानंतर तासभर चहा नको, नाहीतर भाजीतलं लोह नीट अंगी लागत नाही. हे मिस्टरांना तुम्ही सांगण्यापेक्षा सासूबाईंनी सांगितलेलं बरं.

एचबीए१सी तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा करा; त्याआधी आकडा नीट कळत नाही. त्याच वेळी मिस्टरांचं बी-१२ही तपासून घ्या.