‘फ्रोझन’ म्हणजे नेमके काय गोठले?

वाचकांचे प्रश्न : डिस्क, ड्रायव्हर आणि लिनक्स कर्नल

प्रश्न : ताई, इचलकरंजीत आमचा यंत्रमागाचा छोटा कारखाना आहे. हिशेबाच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. दोन महिन्यांपासून मोठी फाइल कॉपी करताना सगळे अर्धा मिनिट थांबते आणि आपोआप पुन्हा सुरू होते. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत, ‘एक्सेप्शन… फ्रोझन’, ‘फेल्ड कमांड : राइट एफपीडीएमए क्यूड’, ‘हार्ड रिसेटिंग लिंक’ अशा ओळी येतात. एकदोनदा ‘आयसीआरसी’ही दिसले. भाचा म्हणतो, लिबअ‍ॅटा या डिस्क सांभाळणाऱ्या ड्रायव्हरमध्ये बग आहे, जुने कर्नल (लिनक्सचा गाभा) टाकू. टाकू का?

उत्तर : नको. सगळ्यात आधी हिशेबाची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि ती उघडते का ते पाहा. मग पुढचे वाचा.

तुम्ही ओळी जशाच्या तशा लिहून पाठवल्या म्हणून मला काही सांगता येते आहे. त्यातला सर्वांत बोलका शब्द आहे ‘आयसीआरसी’. साटाच्या, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या वायरवरून माहितीचा प्रत्येक तुकडा जातो तेव्हा पाठवणारा त्यावर एक हिशेब करून तो सोबत जोडतो आणि घेणारा तोच हिशेब पुन्हा करून पाहतो. दोन्ही जुळले नाहीत की ही तक्रार येते. म्हणजे डिस्कच्या पोटात काय आहे याचा इथे प्रश्नच नाही. माहिती वाटेत बिघडली आहे. कधी बिघडलेले उत्तर लगेच पकडले जाते, तर कधी उत्तर येतच नाही. ते आले नाही तर कर्नल किती थांबणार? डिस्कसाठी ठरलेली मुदत ३० सेकंदांची आहे. तुमचे अर्धे मिनिट तिथून येते.

‘फ्रोझन’ शब्दाने लोक घाबरतात. पण तो बिघाड नसून बंदोबस्त आहे. काहीतरी चुकले असे दिसताच लिबअ‍ॅटा तो पोर्ट गोठवते. नवी कमांड पाठवत नाही आणि डिस्ककडून उशिरा काही आले तरी त्यावर विश्वास ठेवत नाही. लिंक रिसेट होऊन दोन्ही बाजू पुन्हा एकमेकींना ओळखू लागल्या की मगच काम पुढे सरकते आणि अडकलेल्या कमांड पुन्हा दिल्या जातात. चूक सावरण्याची ही व्यवस्था कर्नल-विकासक तेजुन हो यांनी लिहिली आणि २००६ मध्ये २.६.१८ या आवृत्तीत ती आली. तुमचा ड्रायव्हर तुमचे हिशेब वाचवतो आहे, हे भाच्याला जरूर सांगा.

आता कृती. स्मार्टसीटीएल या प्रोग्रामने डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) काढा आणि १९९ क्रमांकाची ओळ पाहा. वाटेत बिघडलेल्या तुकड्यांची ती मोजणी आहे. हा आकडा कधी उतरत नाही, म्हणून तो मोठा आहे याने घाबरू नका. आजचा आकडा लिहून ठेवा, साटाची वायर बदला (क्लिप असलेली घ्या), आठवडाभर काम करा आणि पुन्हा पाहा. आकडा तेवढाच राहिला तर दोष वायरचा होता. वाढला तर मदरबोर्डवरचा पोर्ट बदला, मग डिस्कला वीज देणारी जोडणी. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळे बरे झाले ते कधीच कळणार नाही. मागांचा हादरा आणि सुताची धूळ या दोन्हींमुळे कनेक्टर सैल होऊ शकतो, तेव्हा कॉम्प्युटर शेडमध्ये असेल तर तो ऑफिसात हलवा.

लॉगमध्ये ‘आयसीआरसी’ऐवजी ‘यूएनसी’ (डिस्कवरून वाचलेले दुरुस्त होत नाही) आले असते, किंवा ५ आणि १९७ या खराब जागा मोजणाऱ्या ओळींतले आकडे वाढत असते, तर मी वायरचे नावही काढले नसते. तो पृष्ठभागाचा दोष असतो आणि त्यावर नवी डिस्क हाच उपाय.

प्रश्न : पुण्यातल्या एका कंपनीत मी स्टोरेज ड्रायव्हरवर काम करतो. नवे कर्नल घेतल्यापासून आमच्या चाचणीत साधारण तीन दिवसांनी एकदा फाइलसिस्टिम (फाइलींचा हिशेब ठेवणारा थर) खराब झाल्याचा संदेश येतो. सगळे ईएक्सटी४ या फाइलसिस्टिमकडे बोट दाखवतात. मला वाटते, दोष आमच्या ड्रायव्हरचाही असेल. पण सिद्ध कसे करू?

उत्तर : तुमच्या मनात ही शंका आली याचे मला फार बरे वाटले. फाइलसिस्टिम ओरडते, कारण तिच्याकडे ताडून पाहायला काहीतरी असते : चेकसम (पडताळणीचा आकडा), क्रमांक, ठरलेल्या जागी ठरलेल्या खुणा. खालचे थर आपण काय वाहून नेतो आहोत ते उघडून पाहत नाहीत. त्यामुळे चोरी कुठेही झाली तरी आरडाओरडा तिच्याच घरातून ऐकू येतो.

२०१८ चे उदाहरण घ्या. ४.१९ कर्नल आले आणि नोव्हेंबरात ईएक्सटी४ खराब होत असल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. संशय अर्थातच ईएक्सटी४ वर गेला. खरा दोष फाइलसिस्टिम आणि ड्रायव्हर यांच्यामधल्या ब्लॉक थरात, त्याच्या बीएलके-एमक्यू या रांगा सांभाळणाऱ्या भागात होता, आणि रिक्वेस्टचा क्रम लावणारा आय-ओ शेड्युलर ‘नन’ (म्हणजे कुठलाच नाही) असतानाच तो दिसायचा. घडायचे असे : रिक्वेस्ट (वाचण्या-लिहिण्याची मागणी) थेट ड्रायव्हरकडे दिली जाई. स्कझी थर (डिस्कसाठी कमांड तयार करणारा) तिच्यासाठी मेमरीच्या पत्त्यांची यादी तयार करी आणि मग डिस्क रिकामी नाही म्हणून ‘आत्ता नाही’ असे सांगून ती परत करी. परत आलेली रिक्वेस्ट साध्या रांगेत उभी राही. तिथे तिला शेजारच्या जागेची दुसरी रिक्वेस्ट जोडली जाई. आता रिक्वेस्ट मोठी झाली, पण पत्त्यांची यादी जुनीच राहिली. डिस्कवर फक्त पहिला भाग जाई आणि उरलेला गेला असे समजून सगळे पुढे जात. ब्लॉक थर सांभाळणारे येन्स अक्सबो यांनी दुरुस्ती केली आणि डिसेंबरात ४.१९.८ मध्ये ती लोकांपर्यंत पोचली. यात ड्रायव्हर चूक नव्हता, फाइलसिस्टिम चूक नव्हती. दोघांच्या मधल्या देवघेवीत चूक होती. तुमच्या ड्रायव्हरमध्ये ‘आत्ता नाही’ असे सांगून रिक्वेस्ट परत करण्याची जी वाट आहे, ती आजच पुन्हा वाचा. अर्धी तयारी करून परत केलेली प्रत्येक रिक्वेस्ट संशयित समजा.

दुसरी वाट टाइमआउटची, म्हणजे उत्तराची मुदत संपण्याची. इथे माझी स्वतःची चूक सांगते. २००७ साली मी एका कंट्रोलर कार्डाचा ड्रायव्हर लिहीत होते. आठ डिस्क, चोवीस तास चालणारी चाचणी, आणि चार-पाच दिवसांनी एखादे पान चुकीचे वाचले जायचे. पुन्हा वाचले की बरोबर यायचे. तीन आठवडे मी डिस्क बदलल्या, मेमरी बदलली, कार्डाच्या फर्मवेअरला दोष दिला.

शेवटी आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सुचवले की फाइलसिस्टिम काढून टाक आणि प्रत्येक सेक्टरवर (डिस्कच्या छोट्या कप्प्यावर) त्याचा स्वतःचा क्रमांक आणि फेरीचा क्रमांक लिही. त्यानंतर दोष लपून राहिला नाही. ९,००० क्रमांकाचा सेक्टर मागितला आणि हातात आले वेगळ्याच सेक्टरचे, तेही मागच्या फेरीतले पान. म्हणजे डिस्कने अजून काही दिलेलेच नव्हते आणि मी ‘आले’ म्हणून पान पुढे केले होते. त्या पानात आधीच्या वापराची शिळी माहिती होती.

देवळाबाहेर चपला ठेवताना बिल्ला मिळतो ना, तसा प्रत्येक कमांडला टॅग असतो. साटाच्या एनसीक्यूमध्ये (एका वेळी अनेक कमांड देण्याच्या सोयीत) असे ३२ पर्यंत टॅग असतात. माझ्या कोडमध्ये मुदत संपली की मी सात नंबरचा बिल्ला मोकळा करून लगेच दुसऱ्याला देत होते. पहिली कमांड कार्डामध्ये अजून जिवंत आहे का, हे विचारतच नव्हते. ती उशिरा पूर्ण झाली की कार्ड सांगे, ‘सात झाले’, आणि मी दुसऱ्याच माणसाला सांगे, तुझे काम झाले. त्याहून भयंकर म्हणजे पहिल्या कमांडची माहिती अशा मेमरीत उतरत असणार, जी आता दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात होती. दुरुस्ती थोड्या ओळींची झाली : टॅग मोकळा करण्याआधी कमांड रद्द झाल्याची कार्डाकडून खात्री करून घ्यायची, ती मिळत नसेल तर कार्ड रिसेट करायचे. इचलकरंजीच्या पत्रातला ‘फ्रोझन’ हाच बंदोबस्त. मला तो किती मोलाचा आहे हे चूक केल्यावर कळले.

तेव्हा तुम्हीही तेच करा. क्रमांक लिहून वाचा आणि चुकीच्या पानात काय आहे ते नीट पाहा. पत्ता बरोबर पण फेरी जुनी असेल तर लिहिलेले पोचले नाही, किंवा वाचन वेळेआधी ‘पूर्ण’ झाले. पुन्हा वाचल्यावर बरोबर आले तर लिहिणे ठीक आहे, वाचनाची वाट तपासा. दुसराच सेक्टर क्रमांक असेल तर पत्ता किंवा टॅग चुकला. एकच बिट उलटलेला असेल तर रॅमकडे वळा.

गिट बायसेक्टची (बदलांची यादी दर वेळी अर्धी करत दोषी बदल शोधण्याची) घाई मात्र करू नका. दहा हजार बदलांतून दोषी बदल १४ पायऱ्यांत सापडतो हे खरे, पण तीन दिवसांनी दिसणारा दोष ‘नाही’ असे म्हणायला प्रत्येक पायरीवर नऊ-दहा दिवस थांबावे लागेल. एक चुकीचा ‘ठीक’ शेरा सगळा शोध भलत्या दिशेला नेतो. आधी दोष लवकर दिसेल असे करा. स्कझी डिस्कच्या सिसएफएस (कर्नलच्या सेटिंगच्या) फोल्डरमधली ‘टाइमआउट’ची किंमत ३० वरून १ वर आणा आणि डिस्कवर भरपूर भार टाका. टाइमआउटची वाट, जी एरवी महिन्यातून एकदा चालते, ती दिवसातून कितीतरी वेळा चालेल. मी तसे केले तेव्हा चार दिवसांचा दोष वीस मिनिटांत दिसू लागला होता. आणि त्या वाटेत प्रिंटके टाकू नका. छापण्यात वेळ जातो, वेळेचे गणित बदलते आणि दोष दिसेनासा होतो. एफट्रेस वापरा, तो मेमरीत नोंद ठेवतो.

प्रश्न : मी नांदेडला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. डिस्क ड्रायव्हर लिहायला शिकायचे आहे, पण एकच लॅपटॉप आहे आणि त्यावर दादाचेही सगळे काम असते. डिस्क उडाली तर? मॅडम, सुरुवात कुठून करू?

उत्तर : दादाच्या कामाला धक्का न लावता सगळे शिकता येते. क्यूईएमयू टाका आणि त्यातल्या आभासी मशीनमध्ये स्वतः बांधलेले कर्नल चालवा. तिथे कर्नल कोसळले तर फक्त ती खिडकी बंद करायची. बांधताना केएसॅन आणि लॉकडेप हे कर्नलमधले तपासनीस सुरू ठेवा. मशीन हळू चालेल, पण मोकळी केलेली मेमरी वापरली किंवा कुलुपांचा क्रम चुकला की ते जागीच पकडतील.

वाचायला नल-ब्लॉक ड्रायव्हर घ्या. तो आलेली रिक्वेस्ट काही न करता ‘झाली’ म्हणून परत देतो, त्यामुळे ब्लॉक थराशी बोलण्याची रीत स्वच्छ दिसते. मग मेमरीत माहिती ठेवणारी स्वतःची छोटी डिस्क लिहा.

ती चालली की बहुतेक जण थांबतात. तुम्ही थांबू नका. स्कझी-डिबग नावाचे मॉड्यूल खोटी डिस्क उभी करते, नेहमीची ८ एमबीची. त्याला ‘ऑप्ट्स’ २ दिले की ४६६० क्रमांकाचा सेक्टर वाचताना ‘माध्यम खराब’ अशी चूक येते. ती चूक वरच्या थरांतून कशी चढते, डीमेसेजमध्ये काय छापले जाते आणि तुमच्या प्रोग्रामच्या हाती शेवटी काय पडते, हे एक संध्याकाळ बसून पाहा. मग डीएम-फ्लेकी वापरा. ती काही सेकंद नीट चालते, काही सेकंद चुका देते. सगळे सुरळीत असताना चालणारा ड्रायव्हर लिहिणे त्या मानाने सोपे आहे. डिस्क उत्तर देत नाही, अर्धेच देते, उशिरा देते, अशा वेळी तो काय करतो यावर कुणाचे तरी फोटो, कुणाचे तरी सात-बारा अवलंबून असतात.

आणखी एक. तुमच्या डिस्कला लिहिण्याचा कॅशे (तात्पुरती साठवण) असेल तर तो आहे असे ड्रायव्हरने ब्लॉक थराला सांगितलेच पाहिजे. सांगितले नाही तर फ्लश (साठवलेले पक्के लिही, हा हुकूम) खाली येतच नाही. प्रोग्रामने फाइल पक्की करायला सांगितलेले एफसिंक ‘झाले’ म्हणते, आणि वीज गेली की माहिती गेली. आपल्याकडे वीज कशी जाते हे तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न : एका ड्रायव्हरमधली चूक मला सापडली आहे, दुरुस्तीही तयार आहे. पण माझे इंग्रजी कच्चे आहे, शाळा पूर्ण मराठी माध्यमाची. कर्नल सांभाळणाऱ्यांना पॅच (दुरुस्तीचा मजकूर) पाठवला तर चालेल का? — एक वाचक, बार्शी

उत्तर : चालेल. छोटी वाक्ये लिहा. काय घडते, कोणत्या कर्नलवर, कसे घडवून आणता येते, कारण काय, आणि तुमच्या बदलाने ते कसे थांबते, एवढेच. लॉगच्या संबंधित ओळी जोडा. ज्या जुन्या बदलाने चूक आली तो सापडला असेल तर ‘फिक्सेस’ ओळीत त्याच्या हॅशची (ओळखक्रमांकाची) पहिली १२ अक्षरे आणि शीर्षक द्या. पॅचची मांडणी तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट चालवा. गेट-मेंटेनर स्क्रिप्ट सांगेल त्या सगळ्यांना साध्या मजकुराच्या ईमेलने पाठवा, अटॅचमेंट नको. खाली स्वतःच्या नावाने ‘साइन्ड-ऑफ-बाय’ (हे काम देण्याचा मला हक्क आहे, अशी सही) लिहायला विसरू नका.

आठवड्यात उत्तर आले नाही तर राग मानू नका. नव्या आवृत्तीचे बदल सामावून घेण्याचे दोन आठवडे चालू असतील तर सांभाळणारे त्यात बुडालेले असतात. दोन-तीन आठवड्यांनी नम्रपणे आठवण करा. कुणी ‘हे कसे तपासले?’ असे विचारले तर ते व्याकरणाबद्दल विचारत नाहीत, हे लक्षात ठेवा आणि तपासलेल्या पायऱ्या क्रमाने लिहून पाठवा. पाठवण्याआधी मला पॅच दाखवायचा असेल तर या सदराच्या पत्त्यावर पाठवा, मी वाचीन.