खोली बुक करण्याआधी तिथी बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून तुम्ही चौघं, त्यात सत्तरीच्या सासूबाई आणि सहावीतला मुलगा, तीन दिवस दापोलीकडे जाणार. मागच्या वर्षी रिसॉर्टवर उतरलात, तर शेजारच्या टेबलावर तुमच्या जवळच्याच वाघबीळचं कुटुंब आणि पलीकडे डोंबिवलीचं. तिथल्या माणसाशी बोलणं झालं ते बिलाच्या वेळी. यंदा तिथली माणसं भेटावीत, काय करू?

मी नेरुळला राहतो, गाव सांगलीकडे. म्हणजे समुद्राच्या बाबतीत मीही पाहुणाच. पण पंधरा-सोळा वर्षं वर्षातून दोनदा तरी त्या किनाऱ्याला जातो. पहिली काही वर्षं तुमच्यासारखीच गेली. बीच, फोटो, मासळीची थाळी, परत.

माझ्या उशिरा लक्षात आलं ते असं, की किनाऱ्यावरची माणसं भेटतात ती त्यांच्या कामावर, आणि त्यांची कामं चालतात भरती-ओहोटीवर. आपण न्याहारी उरकून अकराला किनाऱ्यावर उतरतो तेव्हा तिथे फक्त उंटवाला आणि आपण. तेव्हा खोली बुक करण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा. कोळ्यांचा साधा हिशोब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि रात्री तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण सुट्टी ठरवायला एवढं पुरे.

मी स्वतः पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आगेमागे जातो. त्या दिवसांत उधाण असतं, पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप, आणि ओहोटी पडते ती संध्याकाळी सहाच्या सुमारास. खडक उघडे पडतात, गावातल्या बाया कालवं काढायला, वाळूतल्या तिसऱ्या (शिंपल्या) उकरायला येतात. त्यांच्या हातात एक छोटं लोखंडी हत्यार असतं, त्याने खडकाला चिकटलेलं कालव एका ठोक्यात उघडतात. तुमचा मुलगा तिथे तासभर हलणार नाही, लिहून देतो. मात्र याच दिवसांत उतरत्या पाण्याची ओढ जबर असते. त्याला गुडघ्यापुढे जाऊ देऊ नका, आणि पाण्याबद्दल गावातला कुणी "आज नको" म्हणाला तर वाद घालू नका. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा समुद्र त्या मानाने शांत, पण मग खडकही तेवढे उघडे पडत नाहीत.

जाताना हरिहरेश्वर घेणार असाल तर हाच हिशोब तिथेही ठेवा. देवळामागची प्रदक्षिणेची वाट खडकांवरून जाते, ती भरतीच्या वेळी घ्यायची नाही. सासूबाईंना तर देवळातूनच नमस्कार करू द्या.

आता दापोलीजवळचं हर्णै बंदर. दापोलीला जाऊन तिथला संध्याकाळचा मासळीचा लिलाव न बघता परत येणाऱ्यांचं मला नवल वाटतं. साडेचार-पाचला जा. समोर सुवर्णदुर्ग, खोल पाण्यात नांगरलेल्या बोटी, आणि तिथून छोट्या होड्यांतून, काही वेळा बैलगाडीतून माल काठाला येतो. बैल पोटापर्यंत पाण्यात. वाळूवर ढीग पडतात, मांदेली, कोलंबी, बोंबील, म्हाकूल, मधूनच एखादी मुशी. लिलाव बोलणारा इतक्या भरभर बोलतो की आकडा कळेपर्यंत ढीग विकला गेलेला असतो. तिथे मधे उभं राहू नका, पाट्या घेऊन धावणाऱ्या बायांना वाट मोकळी लागते आणि त्यांच्या तोंडून तुम्हाला जे ऐकायला मिळेल ते मुलासमोर नको.

2011 साली मी तिथे गळ्यात मोठा कॅमेरा अडकवून फिरत होतो. एका मावशींचा फोटो काढला, न विचारता. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "फोटू काढलास, आता मासली कोन घेनार?" ओशाळून मी मांदेलीचे दोन वाटे घेतले. पिशवीसुद्धा नव्हती. "उतरलास कुठं?" हॉटेलात म्हटलं. "मग साफ कोन करनार, म्यानेजर?" आजूबाजूच्या सगळ्या हसल्या. मग त्यांनीच एका पोराला माझ्यासोबत धाडलं, दोन गल्ल्या आत एका घरी. तिथल्या काकूंनी मांदेली साफ केली, तांदळाच्या पिठात घोळवून तळली आणि भाकऱ्या टाकल्या. आम्ही ओट्यावर बसून जेवलो. पैसे विचारले तर "द्या काय ते" एवढंच. त्यानंतर हर्णैला मी हॉटेलात उतरलेलो नाही.

तेव्हा कॅमेरा नंतर, पिशवी आधी. सुटे पैसे न्या, वाटा घ्या, आणि "केवढ्याला?" विचारण्याआधी "आज काय गावलं?" विचारा. या प्रश्नाला उत्तर द्यायला मावशी कितीही घाईत असल्या तरी थांबतात. घासाघीस करायचीच तर गर्दी ओसरल्यावर करा, आणि निम्म्यापासून सुरू करू नका.

एक महत्त्वाचं: 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत लिलाव नाही, आणि थाळीतली सुरमई कुठून आली हे विचारायचं नाही. खाडीतली मासळी मात्र मिळते.

राहायला "घरगुती राहण्या-जेवण्याची सोय" अशी पाटी असलेलं घर बघा. मुरुड, कर्दे, आंजर्ले, केळशी, सगळीकडे आहेत. ॲपवरून बुक करू नका, फोन करा. फोनवरच निम्मी ओळख होते. माणसं किती, कोण मासळी खातं, कुणाचा कुठला वार, सासूबाईंना जिने चालतात का, कमोड आहे का, हे सगळं सरळ विचारा, कुणी वाईट वाटून घेत नाही. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टींचं. त्या घरात जेवण मोजून होतं. "आठ वाजता पोचतो, जेवण करून ठेवा" सांगून वाटेत माणगावला वडे-मिसळ खाऊन साडेदहाला पोटभर पोचणारे आपल्याकडचे लोक मी डोळ्यांनी पाहिलेत. काकू काही बोलत नाहीत, झाकलेली भांडी तशीच आत नेतात. पुढच्या वर्षी त्या गाडीला "खोली नाही" ऐकायला मिळतं.

दारूचं आधी विचारा. वाळूत गाडी घालू नका. आधीच्या पाहुण्याची चारचाकी भरतीत कशी रुतली आणि ट्रॅक्टरला किती पैसे मोजले, ही गोष्ट तुम्हाला प्रत्येक गावात ऐकायला मिळेल. आपण त्या गोष्टीत असू नये.

फेब्रुवारी-मार्चमध्ये जमत असेल तर एक दिवस वेळासला द्या. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ती तिथे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये तिथे काम सुरू केलं, पुढे गावकऱ्यांनीच पाहुण्यांची सोय आपापल्या घरात केली. सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास वाळूत पुरलेल्या अंड्यांवर झाकलेल्या टोपल्या उचलून बघतात. पिल्लं निघाली तर निघाली, नाहीतर दुसऱ्या वेळेला पुन्हा. आम्हाला एकदा तीन खेपांना एकही दिसलं नाही, पण ज्यांच्या घरी उतरलो त्या आजोबांनी पडवीत बसून सुपारी कशी सोलायची ते दाखवलं. माझ्या मुलीला कासवांपेक्षा तेच जास्त आठवतं.

रस्ता पनवेल, माणगाव, म्हसळा करत बागमांडल्याला घ्या, तिथून फेरीबोटीने वेसवीला उतरा. पुढे वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै ओळीने लागतात. फेरीत काचा वर करून एसीत बसू नका. गाडीतून उतरून कठड्याला उभं राहा. बाजारातून परतणारी माणसं तिथेच भेटतात, आणि कुठल्या घरी मोदक चांगले मिळतात ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

गणपतीत जाऊ नका. बऱ्याच घरांत स्वतःचे चाकरमानीच इतके आलेले असतात की काकूंना तुमच्याकडे बघायला सवड नसते. शिमग्याला मात्र जरूर जा, पालखी घरोघर फिरते आणि अंगणात उभ्या असलेल्या परक्यालाही कुणी परकं धरत नाही. खोली मात्र दोन महिने आधी सांगून ठेवा.

आणि हो, अर्धी दापोली ठाण्यातच आहे. कळवा, दिवा, मुंब्रा, तुमच्या घोडबंदरलाही. सोसायटीतल्या चार घरांत विचारा, दापोली-खेड-मंडणगडचं कुणीतरी निघेलच. वॉचमनलाही विचारा. "आमच्या गावाला जाताय तर एवढं पार्सल न्याल का?" असं कुणी म्हणालं तर लगेच हो म्हणा. हातात पार्सल असलं की घरात शिरायला कारण मिळतं. एकदा मी प्रेशर कुकरची शिटी आणि गुडघ्याचं मलम पोचवलं होतं, त्या घरातून येताना आमसुलं आणि दोन नारळ घेऊन आलो.

मासळीवाल्या मावशींशी बोलायची भीड वाटत असेल तर सराव इथेच करा. तुम्हाला चेंदणी कोळीवाडा जवळ, मला बेलापूरचं दिवाळे. रविवार सोडून सकाळी जा, "मावशी, हे कसं करायचं?" विचारा. मला निवट्या, म्हणजे चिखलातले निसरडे मासे, साफ करायला दिवाळ्यातल्या एका मावशींनी शिकवलं, राख लावून. तोपर्यंत त्या माझ्या हातात टिकत नव्हत्या.

सासूबाईंची काळजी करू नका. तुम्ही तिघं किनारा पालथा घालून याल तोवर त्या ओट्यावर बसून त्या घरातल्या तीन पिढ्यांची माहिती काढून मोकळ्या झालेल्या असतील. त्यांची दुपारची गोळी तेवढी हाताशी ठेवा, मेडिकल गावात लगेच सापडेलच असं नाही.

येताना सुके बोंबील, जवळा आणाल तर दोन पिशव्यांत बांधून डिकीत ठेवा. आणि घरी आल्यावर गॅलरीत वाळत घालू नका. आमच्या सोसायटीत त्यावरून मीटिंग झाली होती, आणि बोंबील माझे होते.