क्षणभंगुर प्रेम : मोडतं कोण?

रोजच्या लोकलमधल्या एका मैत्रिणीने चार ओळी लिहिल्या, त्यात 'क्षणभंगुर प्रीत' असं आलं आणि नवरा फुगून बसला. तर तिचा प्रश्न, की भंगुर बरोबर की भंगूर, आणि हे म्हणणं म्हणजे प्रेमाला नावं ठेवणं आहे का?

स्पेलिंगचं पटकन सांगते, गु ऱ्हस्वच, शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलाय, 'मधुर'सारखा. बोलताना आपण लांबवतो ते सोडा.

खरी गंमत अर्थात आहे. यात 'भञ्ज्' म्हणजे मोडणे हा धातू, आणि संस्कृत व्याकरणकार पाणिनीचं एक सूत्र फक्त तीन धातूंना एक प्रत्यय लावून देतं, त्यातून भंगुर, भासुर, मेदुर झाले. भंगुर म्हणजे मोडण्याचा स्वभावच असलेलं, सूत्र समजावणाऱ्या जुन्या ग्रंथात उदाहरण दिलंय लाकडाचं. म्हणजे बघा, कोणी येऊन मोडत नाही, आपलं आपण मोडतं! त्यामुळे प्रीत क्षणभंगुर म्हटली तर त्यात आरोपी कोणीच नाही. याउलट 'प्रेमभंग' म्हणा, लगेच कोणी केला, का केला, शेजारच्या काकूंपर्यंत चौकशी. धातू तोच हां. 'अभंग'मध्येही तोच, पण तिथलं प्रेम विठोबावरचं.

आणि नावं ठेवण्याचं म्हणाल तर गाथासप्तशती बघा, आपल्या महाराष्ट्री प्राकृतातला जुन्या कवितांचा संग्रह. त्यात रुसलेल्या मुलीला एक बाई सांगते की तारुण्य नदीच्या पुरासारखं, गेलेले दिवस-रात्री परत येत नाहीत, मग हा मेला रुसवा कशाला? म्हणजे टिकत नाही म्हणून प्रेम सोड असं नाही, टिकत नाही म्हणून आत्ता बोल त्याच्याशी. गोविंदाग्रजांच्या (म्हणजे गडकरी, ठाण्याचं रंगायतन ज्यांच्या नावाचं) 'प्रेम आणि मरण'मध्ये तर झाड विजेच्या प्रेमात पडतं, ती येते, ते जळतं, आणि त्याला तेवढा एक क्षण पुरतो. मला ते जरा जास्तच वाटतं, पण कविता भारी आहे.

अजून एक, अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, भंग म्हणजे लाटसुद्धा. तेव्हा त्या नवरोबांना भरतीच्या वेळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर घेऊन जा. भिजले की विचारा, हिला कोणी मोडली?