सर्वांत थकलेल्याला पेलेल असा नियम

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : प्रभूमध्ये सप्रेम सलाम. मी मिरजेतील एका रुग्णालयात परिचारिका आहे. आम्ही काही अविवाहित तरुणी आणि एक निवृत्त शिक्षिका भाड्याच्या एका घरात एकत्र राहतो. बाहेरगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांना संध्याकाळचा डबा पोहोचवणे, वस्तीतील मुलांचा अभ्यास घेणे आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांना भेटणे, ही आमची सेवा. पहाटे साडेपाचला सर्वांनी मिळून उपासना, शुक्रवारी उपवास आणि रात्री मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी करायची, प्रार्थना असा नियम आम्ही मोठ्या उत्साहाने ठरवला. पण नाइट ड्युटीच्या आठवड्यात माझी पहाटेची उपासना बुडते आणि दिवसपाळीच्या आठवड्यात उपासनेत डुलक्या लागतात. ‘तुझी पहिली प्रीती थंडावली आहे,’ असे एका बहिणीने सर्वांसमोर सुनावले. दुसरी म्हणते की सेवा हीच प्रार्थना, वेगळे बसण्याची गरजच काय? दोघींचेही बोलणे मनाला लागते. मी हे घर सोडावे का?
— एक परिचारिका, मिरज

उत्तर : ताई, घर सोडण्याची घाई करू नका. तुमचे पत्र वाचून मला तुमच्या श्रद्धेची चिंता वाटली नाही, तुमच्या झोपेची मात्र वाटली. रात्रभर वॉर्डात सलाइनच्या बाटल्या बदलणाऱ्या, दर थोड्या वेळाने ताप आणि रक्तदाब पाहून तक्त्यावर नोंदी करणाऱ्या माणसाला दिवसपाळीच्या आठवड्यात पहाटे स्तोत्र म्हणता म्हणता पेंग येणारच. त्या पेंगेवरून कोणाच्या भक्तीचे मोजमाप करायचे नसते.

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात इटलीत आपल्या मठासाठी लिहिलेल्या नियमावलीचे उदाहरण मी मुद्दाम देते, कारण एकत्र राहून साधना करणाऱ्या ख्रिस्ती मंडळींवर तिच्याइतका दीर्घकाळ प्रभाव क्वचितच कशाचा राहिला असेल. त्या मठात दिवसातून सात वेळा आणि रात्री एकदा सामाईक प्रार्थना होत असे, म्हणजे शिस्त तुमच्या घरापेक्षा कितीतरी कडक होती. तरीही त्याच नियमावलीत असे सांगितले आहे की रात्रीच्या उपासनेतील ९५वे स्तोत्र अगदी सावकाश म्हणावे, म्हणजे झोपेतून उठायला उशीर झालेल्यांना ते संपण्याआधी येऊन पोहोचता येईल. दूरवर कामाला गेलेल्या बंधूंनी प्रार्थनेच्या वेळी आहेत तिथेच गुडघे टेकावेत, त्यांनी धावतपळत मठात यावे अशी अपेक्षा नाही. स्वयंपाकघराची पाळी दर आठवड्याला बदलते आणि ज्यांची वाढण्याची पाळी असते त्यांना इतरांच्या जेवणाआधी थोडी भाकर आणि पेय द्यावे, म्हणजे कुरकुर न करता त्यांना सेवा करता येईल, हेही त्यांनी लिहून ठेवले आहे. रिकाम्या पोटी वाढणाऱ्याच्या मनात काय येते हे ज्याला ठाऊक होते, त्याने हा नियम केला. मठाच्या प्रमुखाने सर्व गोष्टी अशा बेताने ठरवाव्यात की बलवानांना आणखी काही करावेसे वाटावे आणि दुर्बलांनी घाबरून पळ काढू नये, असेही तिथे म्हटले आहे. माझे सारे म्हणणे त्यातच आले. घरातील सर्वांत थकलेल्या व्यक्तीला पेलेल एवढाच सामाईक नियम असावा. ज्यांच्यात अधिक बळ आहे त्यांनी त्याहून अधिक आपापल्या खोलीत करावे आणि त्याचा हिशेब दुसऱ्याकडे मागू नये.

आता तुमच्या दुसऱ्या बहिणीचे म्हणणे. सेवा हीच प्रार्थना, हे वाक्य ऐकायला गोड आहे आणि त्यात सत्याचा अंशही आहे, पण त्यावर घर चालत नाही. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात कफर्णहूमात सूर्य मावळल्यावर सारे गाव दाराशी लोटते, येशू पुष्कळ रोग्यांना बरे करतो, आणि दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वीच उठून एकांतात प्रार्थनेला जातो. शिष्य त्याला शोधत येतात आणि सगळे तुमचा शोध करीत आहेत असे सांगतात. रोग्यांची गर्दी संपलेली नव्हती, तरी तो उठून गेला होता. ज्या घरात केवळ डबे भरले जातात आणि प्रार्थना सुटते, तिथे काही महिन्यांत डब्यांवरूनच भांडणे लागतात. कोणाच्या वाट्याला किती भाकऱ्या थापायच्या आल्या याची मोजदाद सुरू होते, आणि ज्यांच्यासाठी हे सारे चालले आहे ती माणसे ओझे वाटू लागतात. मात्र त्याच शुभवर्तमानात चौथ्या अध्यायात तोच प्रभू वादळात नावेच्या मागच्या बाजूस उशीवर डोके टेकून झोपलेला आहे, आणि सहाव्या अध्यायात, जेवायलाही सवड न मिळालेल्या शिष्यांना तो एकांती चला आणि थोडा विसावा घ्या असे सांगतो. झोप आणि विसावा यांना त्याच्या दिवसात जागा होती. तुमच्याही वेळापत्रकात ती लिहून ठेवली पाहिजे.

प्रत्यक्षात काय करता येईल? मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून या गावात लांबलांबचे रुग्ण उपचारासाठी येत आले आहेत आणि त्यांच्याबरोबर पिशवीत दोन कपडे घेऊन आलेली माणसेही. त्यांचा डबा हा तुमच्या दिवसाचा मध्य आहे, तर सामाईक प्रार्थनाही त्याच्याच जवळ आणा. पोळ्या झाल्या, आमटी डब्यांत भरून झाकणे लागली, की ते डबे मधोमध ठेवूनच वीस मिनिटे बसा. एक स्तोत्र, शुभवर्तमानाचा एक उतारा, थोडी शांतता, ज्यांना डबे जाणार आहेत त्यांच्यासाठी मध्यस्थी आणि शेवटी प्रभूची प्रार्थना एवढे पुरे. रात्रपाळीला निघणारीलाही त्यात बसून मग घराबाहेर पडता येईल. पहाटेची उपासना ज्यांना जमेल त्यांनी आनंदाने चालू ठेवावी, हजेरी मात्र घेऊ नये. ज्या दिवशी तुम्ही वॉर्डात असाल त्या दिवशी घरच्यांनी तुमचे नाव घेऊन प्रार्थना करावी आणि तुम्ही त्याच वेळी औषधांच्या ट्रॉलीपाशी उभ्या राहून एक ओळ मनात म्हणावी. ती अपुरी प्रार्थना आहे असे समजू नका.

शुक्रवारच्या उपवासाविषयी मी थोडे कडकपणे सांगेन. ड्युटीवर असलेल्या परिचारिकेने पूर्ण उपवास करू नये, आणि घरातील निवृत्त शिक्षिकांना मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच करू नये. त्या दिवशी सर्वांनी साधे जेवण घ्यावे आणि जी बचत होईल ती नातेवाइकांच्या डब्यांच्या पेटीत टाकावी. अन्न सोडण्याचा दुसऱ्याच्या ताटाशी असलेला संबंध यशयाच्या ५८व्या अध्यायात स्पष्ट सांगितला आहे. सर्वांनी मिळून तो एकदा वाचा.

आणखी एक गोष्ट राहिली. एकत्र राहणाऱ्यांना एकांतही लागतो. दार लावून घेऊन गुप्तपणे प्रार्थना करण्याची आज्ञा मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि एकाच खोलीत तीन खाटा असलेल्या घरात ते दार कुठून आणायचे हा खरा प्रश्न आहे. महिन्यातून अर्धा दिवस प्रत्येकीला गच्ची, नाही तर चर्चचे रिकामे सभागृह मिळेल अशी पाळी लावा. ज्यांना हा एकांत मिळत नाही, त्यांना सहवास हळूहळू नकोसा होतो.

ठरेल ते एका कागदावर लिहा आणि दर तीन महिन्यांनी वाचून बदला. बेनेडिक्ट यांनी महत्त्वाच्या विषयावर सर्व बंधूंना बोलावून विचार घ्यावा असे सांगताना, प्रभू अनेकदा वयाने लहान असलेल्यालाच हिताचे सुचवतो, असे कारण दिले आहे. तुमच्या घरातही सर्वांत धाकटीला आधी बोलू द्या. २०१९ च्या ऑगस्टमधील कृष्णेच्या पुरासारखा प्रसंग आला, तर कागद सरळ बाजूला ठेवून मदतीला जा, पण पाणी ओसरल्यावर तो पुन्हा कोणत्या तारखेपासून पाळायचा हे जाण्याआधीच ठरवा.

ज्या बहिणीने सर्वांसमोर तुम्हाला सुनावले, तिला एकटीला गाठून तुमची ड्युटी कशी असते ते सांगा. शक्य झाल्यास नातेवाइकांचा डबा घेऊन ती रुग्णालयात येईल, तेव्हा तुमच्या वॉर्डाबाहेर थोडा वेळ तिला बसवून घ्या. एकमेकांची ओझी वाहा, असे पौल गलतीकरांना लिहितो. पण दुसऱ्याचे ओझे किती जड आहे हे कळल्याशिवाय ते उचलावेसे वाटत नाही.

प्रश्न : आमचा मुलगा इंजिनिअर आहे. नोकरी सोडून दोन वर्षे एका ख्रिस्ती सेवा समूहात राहायचे त्याने ठरवले आहे. तिथे सर्वांचे पैसे एकत्र असतात. नातेवाईक म्हणतात, मुलगा संन्यासी झाला. आम्ही त्याला अडवावे का?
— एक आई, सातारा

उत्तर : अडवू नका, पण चौकशी जरूर करा. तुमच्या साताऱ्यालाच या विषयाचा एक वारसा आहे. कवी नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनच्या पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एका कुटुंबासारखे यावेत ही त्यांची इच्छा होती. संन्यासी म्हणवणारे टिळक पत्नी आणि मुले असलेले गृहस्थ होते, तेव्हा नातेवाइकांच्या त्या शब्दाने तुम्ही दचकू नये. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबाराला पुरता आकार येण्याआधीच त्याचा आधार हरपला. एकाच व्यक्तीच्या तेजावर उभ्या असलेल्या समूहाविषयी यातून सावध व्हायला हवे. म्हणून मुलाला विचारा की तिथला प्रमुख उद्या नसला तर निर्णय कोण घेईल.

पैशाबाबत बायबलमधील प्रेषितांची कृत्ये हा ग्रंथच पाहा. पहिल्या मंडळीत सर्व काही सामाईक होते हे दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायांत येते, पण पाचव्या अध्यायात, जमिनीच्या पैशातील काही भाग मागे ठेवून सर्व दिल्याचे भासवणाऱ्या हनन्याला पेत्र म्हणतो की जमीन विकण्यापूर्वी ती तुझीच होती आणि विकल्यावर पैसेही तुझ्याच स्वाधीन होते. त्याचा दोष खोटे बोलण्याचा होता. देणे ऐच्छिकच होते. तेव्हा जो समूह येणाऱ्याकडून सर्व बचत लगेच मागतो, त्याच्याबाबत मी संशय धरेन. हिशेब सर्वांना दाखवले जातात का, आजारपणाचा विमा आहे का, घरी फोन करण्यास आणि सुटीवर येण्यास मोकळीक आहे का, आणि मधेच परत यायचे ठरले तर त्याला हातखर्चाला काही मिळेल का, हे त्याने जाण्यापूर्वी विचारावे. प्रामाणिक माणसांना या प्रश्नांचा राग येत नाही.

आधी दोन-तीन महिने राहून पाहावे, हे उत्तम. बेनेडिक्ट यांच्या मठात नव्याने येणाऱ्याला वर्षभर पारखले जाई आणि त्या काळात संपूर्ण नियमावली त्याला तीनदा वाचून दाखवली जाई. हे पाळता येत असेल तर आत ये, नाही तर मोकळेपणाने जा, असे त्याला सांगितले जाई. ही मोकळीक जिथे आहे, तिथे तुम्ही मुलाला निर्धास्तपणे पाठवा, आणि स्वतःही जाऊन चार दिवस राहून या.

प्रश्न : आमच्या समूहात दर शनिवारी एकमेकांजवळ दोष कबूल करण्याची पद्धत आहे. मी सांगितलेली एक खासगी गोष्ट ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून मंडळीभर पसरली. आता बोलायला मन धजत नाही.
— एक वाचक, तासगाव

उत्तर : तुम्ही सध्या बोलू नका. एकमेकांजवळ आपली पापे कबूल करा, असे याकोबाच्या पत्रात आहे, पण ती सर्वांच्या घोळक्यात करा असे तिथे म्हटलेले नाही. ज्या एका व्यक्तीवर विश्वास आहे तिच्याजवळ, किंवा तुमच्या पाळकांजवळ, मन मोकळे करा आणि शनिवारी केवळ उपकारस्तुती व पवित्र शास्त्राचे वाचन व्हावे असे सुचवा.

जर्मनीत ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ दीट्रिख बॉनहॉफर १९३५ पासून फिंकनवाल्ड येथे तरुण पाळकांना एकत्र ठेवून शिकवत असत. १९३७ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझी सरकारच्या गुप्त पोलिसांनी, ते विद्यालय बंद केले. तिथे एक नियम होता की कोणी गैरहजर बंधूविषयी बोलू नये, आणि बोलून गेलेच तर जाऊन त्याला तसे सांगावे. या नियमाचा दुसरा भागच खरा परिणामकारक आहे, कारण सांगायला जावे लागणार हे माहीत असले की जीभ आपोआप आवरते. पुढच्या बैठकीत हाच नियम मांडा. तुमची गोष्ट ज्यांनी पसरवली त्यांना तो मान्य झाला, तर त्यांना तुमच्याकडे यावेच लागेल. मान्य झाला नाही, तर तुमची शनिवारची संध्याकाळ घरच्यांसोबत वचन वाचण्यात घालवा.