एकाच कॉलेजात कोणी खुश, कोणी वैतागलेलं: आर्ट कॉलेजबद्दल तुमचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या प्रश्नांमधले निम्मेअधिक खाजगी आर्ट कॉलेजवरच होते, ॲडमिशनचे दिवस आहेत ना. जरा कापूनछाटून देतेय, नावं मुद्दाम काढलीयेत.

प्रश्न: ताई, मला एका खाजगी आर्ट कॉलेजात पेंटिंगला ॲडमिशन मिळतेय. तिथे शिकून बाहेर पडलेल्यांना विचारलं तर डोकं आणखीनच फिरलं. एक दादा म्हणतो आयुष्यातली सगळ्यात भारी वर्षं होती, त्याच्याच बॅचची एक ताई म्हणते पैसे पाण्यात गेले, आणि तिसरीने तर पहिल्याच वर्षानंतर सोडलं. खरं कोण बोलतंय?

उत्तर: तिघंही खरं बोलतायत. पण ती तिघं कुठल्या डिपार्टमेंटला होती ते विचारलंस का? फी एकाच काउंटरवर भरतात पण आत गेल्यावर प्रत्येक डिपार्टमेंट हे वेगळंच कॉलेज असतं. ॲनिमेशनवाला तीन वर्षं एका जुनाट कॉम्प्युटरवर सीन रेंडर होईपर्यंत, म्हणजे मशीन तो तयार करेपर्यंत, ताटकळत बसलेला असतो आणि त्याच मजल्यावर पेंटिंगच्या पोरांना भिंतभर जागा, उत्तरेकडची खिडकी आणि रात्री उशिरापर्यंत उघडा स्टुडिओ. मग दोघांची मतं कशी जुळणार?

दुसरं म्हणजे शिकवणारे. खाजगी कॉलेजात बरेच जण व्हिजिटिंग असतात, त्यांचं काँट्रॅक्ट वर्षाच्या हिशोबात. एखादे सर खरोखर जीव तोडून शिकवतात, त्यांच्यामुळे आख्खी बॅच तयार होते, पुढच्या वर्षी ते गेले की खेळ खलास. त्यामुळे सहा वर्षांपूर्वीच्या सीनिअरचं कौतुक ऐकून ॲडमिशन घेऊ नकोस, त्याला ज्यांनी शिकवलं ते आता तिथे आहेत का ते आधी बघ. प्रॉस्पेक्टसमध्ये ज्या मोठ्या आर्टिस्टचे फोटो छापलेत ते आठवड्याला वर्ग घेतात की वर्षातून एकदा लेक्चर देऊन जातात हेही स्पष्ट विचार, लाजू नकोस.

आणि ओपन डेला जाण्यापेक्षा कुठल्यातरी साध्या मंगळवारी-बुधवारी दुपारी जा. ओपन डेला सगळंच चकाचक. साध्या दिवशी प्रिंटमेकिंगच्या, म्हणजे छापचित्रांच्या खोलीत डोकाव, छपाईच्या प्रेसवर कापड टाकून धूळ साचलीय का, छापायचे पत्रे कोरतात त्या ॲसिडच्या खोलीला कुलूप आहे का. कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे असते ते विचार, कारण मशीन विकत घेतलेलं असतं पण ते चालवून दाखवणारा टेक्निशियन ठेवलेला नसतो असं फार ठिकाणी दिसतं. मग तिसऱ्या वर्षाच्या पोरांची कामं बघ. सगळ्यांचे कॅनव्हास एकाच हाताने काढल्यासारखे वाटले, तेच करडे पॅच, तीच तिरकी रेष, तर समज की सरांच्या स्टाइललाच मार्क मिळतात. मला स्वतःला हे कुलुपापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. कुलूप उघडता येतं, हाताला लागलेली दुसऱ्याची सवय लवकर सुटत नाही.

तसं हे दुखणं नवीन नाहीये बरं का. पॅरिसमध्ये १८६० च्या दशकात रोदोल्फ झ्युलियाँ या चित्रकाराने खाजगी आर्ट स्कूल काढलं. एकोल दे बोझार या सरकारी आर्ट स्कूलमध्ये तेव्हा मुलींना प्रवेशच नव्हता, तो मिळाला १८९७ मध्ये, त्यामुळे शिकायचं असलेल्या कितीतरी जणींना झ्युलियाँकडे येण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तिथेच शिकणाऱ्या मारी बाश्किर्त्सेफने १८८१ मध्ये तिथलाच मुलींचा स्टुडिओ चित्रात रंगवलाय, नुसती दाटीवाटी, इझलला इझल लागलेलं. आणि गंमत बघ, मुलींकडून फी मात्र मुलांपेक्षा जास्त घ्यायचे. त्याच शाळेत १८९१ मध्ये पुढे मोठा चित्रकार झालेला मातीस आला, तिथे शिकवणाऱ्या बुगरोच्या हाताखाली त्याचं काही जमेना, तो बाहेर पडला आणि पुढे गुस्ताव्ह मोरोकडे रमला, म्हणजे सरकारी शाळेतच. जी जागा कोणाला एकमेव दार होती तिथेच दुसऱ्याचा जीव गुदमरला. त्यामुळे तुझ्या त्या तिसरीला, जिने सोडलं, नीट भेट. नक्की काय खटकलं हे तीच सगळ्यात बारकाईने सांगेल.

प्रश्न: मी सेकंड इयरला आहे. दर महिन्याला क्रिट असतं, सगळ्यांसमोर काम लावायचं आणि सर बोलतात. मागच्या वेळी माझ्या कामावर इतकं बोलले की मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मैत्रिणी म्हणतात हे नॉर्मल आहे, याच्यानेच माणूस तयार होतो. मला तर ब्रश हातात घ्यावासाच वाटत नाहीये.

उत्तर: रडू येणं नॉर्मल आहे, पण सर जे काही बोलले ते सगळंच नॉर्मल असेल असं नाही. "हा हात खांद्याला जोडलेला वाटत नाही, सावली दोन बाजूंनी पडलीय" हे कितीही कडक आवाजात बोलले तरी ते कामाबद्दल आहे, उद्या दुरुस्त करता येतं. "तुला जमणारच नाही, कशाला आलीस" यात दुरुस्त करण्यासारखं काय आहे? काहीच नाही. याला शिकवणं म्हणत नाहीत, आणि "आमच्या सरांनी पण आम्हाला असंच घडवलं" हे कारण मला तरी कधी पटलेलं नाही.

पुढच्या क्रिटला एक कर, मैत्रिणीला वही दे आणि सर जे बोलतील ते शब्दाला शब्द उतरवून घ्यायला सांग. आपण उभे असताना कानात फक्त आवाज घुमतो, अर्थ कळतच नाही. दोन दिवसांनी वही वाच. कधीकधी दहा वाक्यांत दोन फार कामाची निघतात, ती घे, बाकीचं सोड. आणि वहीत निव्वळ अपमानच निघाला, किंवा दिसण्यावर, कपड्यांवर, घरच्यांवर शेरे असतील, तर त्याच वहीवरून तारीख घालून लेखी तक्रार दे आणि पोच घे. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं, सोयीने. दुसऱ्या मॅडमकडे काम दाखवायलाही काही हरकत नाही, एकाच माणसाच्या नजरेवर चार वर्षं काढू नकोस.

प्रश्न: मुलीसाठी लोन काढावं लागेल. कॉलेजवाले सांगतात जवळपास सगळ्यांना प्लेसमेंट मिळते आणि वर स्कॉलरशिपही देतायत. वडील म्हणून भीती वाटते, काय तपासू?

उत्तर: "प्लेसमेंट" मध्ये काय काय धरलंय ते विचारा. बिनपगारी इंटर्नशिप धरलीय का, कॉलेजनेच असिस्टंट म्हणून ठेवलेली मुलं धरलीयत का, आणि ज्यांनी फोनच उचलला नाही त्यांना कुठल्या रकान्यात टाकलं. फाइन आर्टची मुलं बहुतेक फ्रीलान्स करतात, त्यामुळे तो आकडा तसाही फारसं काही सांगत नाही. स्कॉलरशिप पहिल्याच वर्षाची आहे की शेवटपर्यंत, आणि मार्क घसरले तर जाते का, हे लेखी घ्या. फी सोडून रंग, कॅनव्हास, प्रिंटिंग, फायनल डिस्प्लेची फ्रेमिंग यांचा खर्च वेगळा, तो कॉलेजला विचारू नका, शेवटच्या वर्षाच्या पोरांना विचारा, ते बरोबर सांगतील.

अजून एक, हे सहसा कोणी विचारत नाही. कॉलेजची मान्यता चालू आहे का आणि दरवर्षी ॲडमिशन वाढतायत की घटतायत? खाजगी कॉलेज मुख्यतः फीवर चालतं, मुलं कमी झाली की पाय लटपटतात, नाव कितीही जुनं असो. अमेरिकेतलं सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूट १८७१ पासूनचं, २०२२ मध्ये त्यांनी गाशा गुंडाळला. फिलाडेल्फियाच्या युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्सने तर ३१ मे २०२४ ला जाहीर केलं आणि ७ जूनला बंद, आठवडाभरात मुलं रस्त्यावर. म्हणून मधेच बंद पडलं तर मुलांची पुढची सोय काय आणि भरलेल्या फीचं काय, हे आधीच विचारून ठेवा. उत्तर देताना समोरचा चिडला तर तेही उत्तरच समजा.

लोन मात्र पूर्ण कोर्सचा हिशोब धरूनच काढा. पहिल्या वर्षापुरतं बघून उडी मारली की तिसऱ्या वर्षी मुलगी सबमिशन सांभाळणार की पैशाची सोय बघणार.

प्रश्न: पहिलं वर्ष झालं, मला हे कॉलेज सोडून दुसरीकडे जायचंय. वर्ष वाया जाईल का?

उत्तर: फाउंडेशनचं, म्हणजे पहिलं वर्ष काही ठिकाणी धरतात, काही ठिकाणी परत करायला लावतात, तिकडच्या ऑफिसला विचारल्याशिवाय इकडे कॉलेज सोडायचा अर्ज देऊ नकोस. मार्कशीट, सिलॅबसची सही-शिक्क्याची कॉपी आणि ट्रान्स्फरचे कागद आधी हातात घे, फी बाकी असेल तर ते अडवून ठेवतात. सगळ्या कामांचे उजेडात नीट फोटो काढ, स्केचबुकचेसुद्धा, पोर्टफोलिओ बघणारे तीच आधी उघडतात. आणि स्टुडिओत लावलेले मोठे कॅनव्हास अर्ज द्यायच्या आधीच घरी आण, नाव कमी झाल्यावर आत शिरायलाही परवानगी मागत बसावं लागतं.