‘दुकान चालू होतं’ म्हणून अपघात विम्याचे आठवडे कापले, आता काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात मिस्टरांचं वेल्डिंगचं दुकान आहे, शिडीवरून पडून पाय मोडला, 16 आठवडे ते घरी होते आणि विमा कंपनीनं 5 आठवड्यांचेच पैसे दिले. कारणं दोन: दुकान चालू होतं आणि इन्कम टॅक्स रिटर्न नाही. मी सांगलीत फर्निचरचं काम करतो. चार वर्षांपूर्वी अंकलीजवळ खडीवरून गाडी घसरली, उजव्या मनगटात प्लेट बसली आणि माझ्यावरही हीच वेळ आली.

माझी अपघात विम्याची पॉलिसी 5 लाखांची, काम बंद असलेल्या दर आठवड्याला 1 टक्का, म्हणजे 5,000 रुपये. 14 आठवडे काम बंद होतं. कंपनीनं 6 धरले. चौकशीला आलेल्या माणसानं एक फोटो काढला होता. हात गळ्यातल्या झोळीत घालून मी खुर्चीत बसलोय आणि मागं पोरगा सनमायका चिकटवतोय. मी फक्त गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला बसलो होतो. रंधा सोडाच, त्या हातानं चहाची बशीसुद्धा उचलत नव्हती.

आधी पॉलिसीची प्रत काढा आणि ‘टेम्पररी टोटल डिसएबलमेंट’ची, म्हणजे काही काळ काम पूर्ण बंद पडण्याची, व्याख्या शब्दन् शब्द वाचा. काही पॉलिसीत ‘स्वतःचा नेहमीचा व्यवसाय’ करता येत नसला की पुरतं, काहींत ‘कोणतंही काम’ असं लिहिलेलं असतं. पहिला प्रकार असेल तर शटर उघडं होतं की बंद याला फारसा अर्थ नाही. तुमचे मिस्टर उभं राहून वेल्डिंग करू शकत होते का, एवढाच प्रश्न उरतो. दुसरा प्रकार असेल तर लढाई अवघड आहे, हे आधीच सांगतो. आठवड्याची रक्कम उत्पन्नाशी बांधलेली आहे का, तेही त्याच कागदात कळेल. तशी अट नसेल तर रिटर्न कशासाठी हवं, हे कंपनीला लेखी विचारा. अट असेल तर बँकेचं स्टेटमेंट, दुकानातल्या क्यूआर कोडवर आलेले पैसे, रॉड आणि पत्रा घेतल्याची बिलं, सगळं जोडा.

मला तारलं ते महावितरणच्या बिलानं. अपघाताआधी महिन्याला 210 च्या आसपास युनिट पडायचे, त्या तीन महिन्यांत 60 वर आले. मशीन फिरलंच नाही, हे त्याहून स्पष्ट कोण सांगणार? वेल्डिंग मशीन तर वीज खातंच. तुमची वर्षभराची बिलं आजच काढून ठेवा.

आणि केसपेपर नीट बघा. माझ्या 12 व्या आठवड्याच्या कागदावर डॉक्टरांनी सहज ‘लाइट वर्क अलाउड’ (हलकं काम चालेल) असं लिहिलं होतं. ते बिचारे मला धीर देत होते. त्या तीन शब्दांनी शेवटचे दोन आठवडे गेले ते गेलेच. तुमच्या कागदावर तसं काही असेल तर डॉक्टरांना भेटून, वेल्डिंगमध्ये नक्की काय करावं लागतं ते सांगा आणि जे खरं आहे तेवढंच सविस्तर लिहून मागा. जुन्या कागदात खाडाखोड मात्र करून घेऊ नका.

तक्रारीची वाट अशी. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी द्या आणि पोच ठेवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. साताऱ्यासाठी पुण्याचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही आणि 50 लाखांपर्यंतची प्रकरणं तिथं चालतात. माझी सुनावणी व्हिडिओ कॉलवर झाली, बिलं आणि एक्स-रे समोर ठेवले आणि आणखी 6 आठवड्यांचे 30,000 मंजूर झाले. दुसरी वाट साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाची, तिथं मुदत दोन वर्षं. ग्राहक आयोगात केस चालू असताना लोकपाल तक्रार घेत नाहीत, म्हणून आधी लोकपाल बरा, असं माझं मत.

कुणी म्हणेल, बँकेतून 20 रुपये कापून जातात त्या सुरक्षा बिमा योजनेतून मिळेल. नाही मिळणार. ती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे. गाडीच्या विम्यातलं मालक-चालकाचं 15 लाखांचं कव्हरही तसंच. मीही त्यात आठवडाभर हेलपाटे घातले.

कंपनीनं ‘फुल अँड फायनल’ (म्हणजे सगळे पैसे मिळाले, आता मागणी नाही) असं लिहिलेला कागद पाठवला असेल तर तशीच सही करू नका. केली असेल तरी सगळं संपलं असं नाही, पण ती कोणत्या परिस्थितीत केली ते तक्रारीत लिहा. लोकपालाकडे जायला कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्ष मिळतं. तुमच्या पत्रावर तारीख कोणती आहे, ते इथं कळवा. अर्जाचा मसुदा करायला मी मदत करतो.